फुरशाचा माळ

खारबंदरात कुणालाही विचारा, फुरशाचा माळ कुठे, तर तो आधी तुमच्या पायांकडे बघणार. चपला आहेत की बूट ते पाहून मग हात लांब करणार, आणि वर सांगणार की दगड उलटू नका, बिळात बोटं घालू नका. कारण फुरसं म्हणजे दीड वितीचा साप, रंगाने थेट जांभ्या दगडासारखा, पाय पडेपर्यंत दिसत नाही आणि चावला की रत्नागिरीचं इस्पितळ फार लांब वाटायला लागतं. सगळं गाव त्या माळाला वळसा घालून खाडीवर जायचं. क्रिकेटचा चेंडू तिकडे गेला की तो मेला असं समजून खेळ बंद करायचा, हा मुलांचा नियम होता.

त्या माळावर गुलाम रसूल चाचा एकटे राहायचे. एक कौलारू खोपटं, आठ शेळ्या, कुळथाचं हातभर वावर. तरुणपणी ते मचव्यावर तांडेल होते, म्हणजे गलबत आणि खलाशी दोन्ही सांभाळणारे. आता डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि सांभाळायला शेळ्या. आणि नवलाची गोष्ट अशी, की ते सगळ्या माळभर अनवाणी हिंडायचे. त्यांना कधी फुरसं चावलं नाही. त्यांच्या वडलांना नाही, आजोबांना नाही. कुणी म्हणायचं पीर राखतो, कुणी म्हणायचं शेळीच्या वासाने साप पळतात. माळावर मुळात फुरशीच नसतील, असं काही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आलं ते वैदेहीच्या डोक्यात, आणि तिथेच सगळी माती झाली.

वैदेही नववीत होती. आठवीपर्यंत ती अशी मुलगी होती की जिला उत्तर येतं पण ते गिळून टाकते. मग पंधरा ऑगस्टला भाषण करणारी मुलगी तापाने पडली, सलिल सरांनी ऐनवेळी हिला उभं केलं, आणि ही बोलली. नुसती बोलली नाही, टाळ्या घेतल्या. त्या दिवसापासून तिचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. तिची आई, मालिनीबाई, शेजारणींना सांगायच्या की आमच्या रेडिओला निदान बंद करायची कळ आहे, हिला देवाने ती दिलेली नाही.

दर पंधरा दिवसांनी शाळा सुटल्यावर वैदेही माळावर जायची, कारण चाचांना पत्र यायचं. त्यांची मुलगी मासूमा मंडणगडकडच्या डोंगरातल्या एका वाडीत दिली होती आणि ती मराठी शाळेत शिकलेली, म्हणून पत्र मराठीत. चाचांना मराठी अक्षर येत नव्हतं आणि उर्दू येत होतं ते आता दिसत नव्हतं. तेव्हा वैदेही मोठ्याने वाचायची, आवाज बदलून, मासूमाच्या सासूच्या जागी सासूसारखी बोलून, आणि चाचा शेळ्या सोडून पोट धरून हसायचे. मग उत्तरही तिनेच लिहायचं. चाचा चार वाक्यं सांगायचे, ही आठ करायची. ते म्हणायचे, "मी सांगतो त्यापेक्षा तू बरा लिवतस गो. माज्या पोरीला वाटत असंल बाप शाणा झाला."

त्या वर्षी जिल्ह्याची निबंध स्पर्धा आली. विषय, माझे गाव आणि इतिहास. वर्गातल्या बाकीच्यांनी ग्रामदेवता, शिमगा आणि हापूस असा तीन परिच्छेदांचा बेत लगेच ठरवला. वैदेहीला तसलं काही नको होतं. तिने शाळेच्या कपाटातली जिल्ह्याच्या इतिहासाची जाडी पुस्तकं काढली. दुसऱ्या गावांवर पानंच्या पानं होती, कुठे परदेशी वखार, कुठे आरमार, कुठे लढाई. खारबंदरावर एक ओळ होती. "येथे पूर्वी बंदर होते."

तिला राग आला. असा राग, जसा आपल्या घरच्या माणसाला कुणी ओळख दाखवली नाही की येतो. गाव इतकं जुनं, नावातच बंदर, आणि ओळ एक. बरं, तीसुद्धा भूतकाळात.

पुढचं पत्र वाचून झाल्यावर तिने हे गाऱ्हाणं चाचांच्या पुढ्यात ओतलं. चाचा उठले आणि तिला माळाच्या टोकाला घेऊन गेले, खाडी लागते तिथे. सुकतीची वेळ होती, पाणी उतरलं होतं. चिखलातून जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या वर आल्या होत्या, सहा-सात, रुंद, एखाद्या देवळाला शोभतील अशा. वैदेही जन्मापासून त्या गावात होती आणि तिने त्या पायऱ्या कधी पाहिल्या नव्हत्या. कोण येणार इथे, साप चावून घ्यायला?

"याला फुरसा नाय म्हणत," चाचा म्हणाले. "फुरजा. माजे आजोबा म्हणायचे, फुरजा. अरबी शबूद हाय. जहाज लागायचा, माल उतरायचा, जकात घ्यायचे, ती जागा. इथं घोडे उतरलेत बाय, समुद्रावरनं. मग खाडी गाळान भरली, जहाजं गेली, शबूद र्‍हायला. ज्यांना तो शबूद समजंना त्यांनी त्याचा साप केला."

वैदेहीने विचारलं, म्हणजे इथे साप नाहीत?

"असंल एखादा. गावात हाईत तेवढेच."

परत येताना त्यांनी तिला शेळ्या बांधायचा धोंडा दाखवला. कमरेइतका उंच, वर निमुळता, खाली आरपार दोन भोकं. ती भोकं कुणी पाडली हे तिने कधी विचारलं नव्हतं. शेळी बांधायला बरी पडतात एवढंच ठाऊक. चाचांनी सांगितलं की तो नांगर आहे. लोखंडी नांगर नव्हते तेव्हाचा, दगडी. भोकांतून लाकडं घालायची, ती तळाला रुतायची. समुद्रात जहाज धरून ठेवणाऱ्या दगडाला आता शेळ्या बांधलेल्या होत्या, आणि त्यातली एक त्या घटकेला त्याच्यावर अंग घासत होती.

वैदेहीने विचारलं, मग तुम्ही लोकांना सांगत का नाही? इतकी वर्षं सगळे चुकीचं बोलतायत.

चाचा हसले. त्यांच्या आजोबांना कुण्या जुन्या अंमलदाराने तोंडी सांगितलं होतं, राहा इथे. कागद नव्हता, सातबाऱ्यावर नाव नव्हतं. शंभर वर्षांत कुणी विचारलं नाही, कारण सापाच्या जागेवर कोण कशाला डोळा ठेवील? कुंपण घालायला दगड लागतात, माणसं लागतात. नावाला काही लागत नाही.

"साप बरा हाय गो," ते म्हणाले. "तुला सांगितला, कारन तू माजी पत्रा वाचतस. पन ह्या लिवू नको."

वैदेहीने मान हलवली. त्या क्षणी ती मान अगदी खरी हलली होती.

पण चार दिवस ती गोष्ट तिच्या पोटात राहीना. ती जेवताना मध्येच थांबायची, वर्गात खिडकीबाहेर बघायची. तिने स्वतःला समजावलं, आणि समजावण्यात ती आता पटाईत झाली होती. चाचा म्हातारे आहेत, म्हाताऱ्यांना उगाच भीती वाटते. इतिहास लपवून ठेवणं बरोबर नाही. आणि मुख्य म्हणजे आपण त्यांचं नाव घालू, ठळक घालू. मग गावाला कळेल की ज्याला सगळे शेळ्यावाला म्हणतात तो काय माणूस आहे. झालं तर त्यांचं भलंच होईल.

एका बैठकीत तिने नऊ पानं लिहिली. घोडे उतरवले, सुपारी चढवली, फुरज्यावर चार भाषा एका वेळी घुमवल्या. पायऱ्या लिहिल्या, नांगराचा धोंडा लिहिला, गुलाम रसूल चाचा लिहिले. शेवटी तिला एक वाक्य सुचलं: "हा माळ कधीच कुणा एकाचा नव्हता, तो साऱ्या बंदराचा होता." वाचून पाहिलं तर किंचित आखूड वाटलं. पक्कं लिहिताना तिने पुढे जोडलं, "आणि आजही आहे." कानाला गोड लागलं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

जिल्ह्यात पहिला नंबर आला. रत्नागिरीत सभागृहात तिला निबंध वाचायला लावला आणि शेवटच्या वाक्यावर लोकांनी इतका वेळ टाळ्या वाजवल्या की तिला मनातून वाटलं, आता थांबू नका. एका दैनिकाने निबंध छापला, अर्धं पान, तिच्या फोटोसह. फोटोत ती दात दाखवून हसत होती. सलिल सर ते पान शाळेच्या फळ्यावर लावून दोन दिवस त्याच्या आसपासच वावरत होते.

चाचांना तिने सांगितलं की बक्षीस मिळालं. कशावर लिहिलंस, असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, गावावर. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शेळीच्या दुधाचा चहा केला. तो तिने सगळा प्यायला.

आता या गोष्टीत श्रीपतीभाऊ येतात. श्रीपतीभाऊ म्हणजे गावातली सगळ्यात मोठी बाग त्यांची, शाळेच्या कमिटीवर ते, देवस्थानच्या कमिटीवर ते, आणि बोलणं इतकं मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं आपणच त्यांचं काहीतरी चुकवलंय. कोकण रेल्वे सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. हातखंब्याच्या नाक्यावर मुंबईच्या मोटारगाड्या थांबायला लागल्या होत्या, आणि श्रीपतीभाऊ कुणी भेटला की म्हणायचे, हे लोक सगळे गोव्याला जातात, आपण त्यांना थांबवायला काय दाखवतो? तर आता त्यांना दाखवायला काहीतरी सापडलं. पंधरवड्यात "खारबंदर इतिहास संवर्धन समिती" उभी राहिली. अध्यक्ष कोण, हे सांगायला नको. सलिल सर चिटणीस.

समितीची माणसं माळावर गेली ती पहिल्या दिवशी गमबूट घालून. दुसऱ्या दिवशी चपला. तिसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजमाप करत होती, आणि मुलं मागे चेंडू शोधत होती. एक नव्हे, नऊ चेंडू मिळाले.

महिन्याभराने चाचांनी निरोप धाडला की पत्र आलंय, वाचायला ये. वैदेही धावत गेली. पत्र नव्हतं. लांबट खाकी पाकीट होतं, तालुक्याच्या कचेरीचं. तिने ते फोडलं आणि नेहमीसारखी मोठ्याने वाचायला लागली, कारण चाचा समोर बसले होते आणि थांबावं कसं ते तिला कळेना. सदर जागा सरकारी पड असून त्यावरील बांधकाम अनधिकृत आहे. सात दिवसांत काढून घ्यावे. सोबत समितीच्या अर्जाची प्रत.

"अर्जपन वाच," चाचा म्हणाले.

अर्ज दोन पानी होता, अक्षर सलिल सरांचं. ही जागा पुरातन बंदराची जकातीची जागा असून, तिचे ऐतिहासिक महत्त्व वर्तमानपत्रातून प्रसिद्ध झालेले असून, तिथे शेळ्या बांधल्याने वारशाची हानी होत असून. ती वाचत गेली. आणि मग अवतरणचिन्हांत, ओळीच्या मधोमध, तिचं वाक्य आलं.

तिला ते गाळता आलं असतं. चाचांना काय दिसणार होतं? पण तिने आजवर त्यांच्या पत्रातला एक शब्द गाळलेला नव्हता, सासूच्या शिव्यासुद्धा नाही. तिने वाचलं. हा माळ कधीच कुणा एकाचा नव्हता, तो साऱ्या बंदराचा होता, आणि आजही आहे.

चाचा खाडीकडे तोंड करून बसले होते. शेळ्या आल्या होत्या, त्यांना बांधायचं होतं, पण ते उठले नाहीत.

"हा बरा लिवलाय कुनीतरी," ते म्हणाले.

वैदेहीने तोंड उघडलं. जिल्ह्यात पहिल्या आलेल्या मुलीच्या तोंडातून हवा आली फक्त. चाचांनी तिच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी नोटीस तिच्या हातातून घेतली, नीट घडी केली आणि मासूमाची पत्रं ठेवायच्या डब्यात ठेवून दिली.

ती तिथून सरळ श्रीपतीभाऊंच्या अंगणात गेली. तिने सगळं सांगितलं, चाचांनी लिहू नको म्हटलं होतं तेसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, घरातून तिच्यासाठी कोकमचं सरबत मागवलं आणि म्हणाले की पोरी, तुझं मन चांगलं आहे. म्हाताऱ्याने एकट्याने माळावर मरायचं, त्यापेक्षा मुलीकडे सुखाने राहील. आणि मग म्हणाले, "बरं, तू लिहिलंस ते खोटं आहे का? सांग. खोटं असेल तर मी आत्ता अर्ज मागे घेतो."

ते खोटं नव्हतं. घोडे उतरले होते, पायऱ्या होत्या, शब्द होता. खोटं होतं ते फक्त "आणि आजही आहे" एवढंच, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करणारा कागद शंभर वर्षांत कुणी केला नव्हता. सरबत तिने तसंच ठेवलं. सलिल सरांकडे गेली तर ते तिच्या नजरेला नजर देईनात. म्हणाले, इतिहास आपल्या भावनांवर चालत नाही, वैदेही. हेच वाक्य त्यांनी तिला निबंध लिहिताना सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

सातव्या दिवशी सकाळी मासूमा नवऱ्याला घेऊन टेम्पोतून आली. शेळ्या गावातच विकल्या गेल्या. नांगराचा धोंडा समितीने ठेवून घेतला, वारसा म्हणून. चाचा टेम्पोत पुढे बसले, पाय अनवाणीच. वैदेही आडव्या बांधाच्या पलीकडे उभी होती. मासूमाने तिला ओळखलं आणि हात केला, कारण तिच्या दृष्टीने ही मुलगी म्हणजे बापाची पत्रं लिहिणारी गोड मुलगी. चाचांना एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. निदान वैदेहीने तसं ठरवलं.

उद्घाटन मार्चमध्ये झालं. जुन्या पायऱ्या घसरड्या म्हणून त्यांच्यावर सिमेंटचा हात फिरवला होता. धोंड्याला गेरू फासून माळाच्या तोंडाशी उभा केला होता आणि कुणीतरी त्याच्यापुढे नारळ फोडूनही मोकळं झालं होतं. खोपट्याच्या जागी श्रीपतीभाऊंच्या भाच्याचं माडाच्या झापांचं हॉटेल, माशाचं ताट आणि खाडीचा देखावा. रत्नागिरीहून पाहुणे आले. वैदेहीला सांगितलं होतं की तू फक्त तुझं ते शेवटचं वाक्य म्हणायचंस, मग फीत कापायची.

ती माइकपुढे उभी राहिली. घरी बारा वेळा म्हणून पाहिलेलं ती अगदी स्वच्छ बोलली. ती म्हणाली, "ते वाक्य माझं आहे आणि ते चूक आहे. हा माळ एका माणसाचा होता. त्यांचं नाव गुलाम रसूल. त्यांनी मला हे लिहू नको म्हणून सांगितलं होतं."

मग पहिल्या रांगेत श्रीपतीभाऊंनी टाळी वाजवली, मऊ, समजूतदार, आणि मागच्यांना वाटलं वाक्य संपलं, तेव्हा सगळ्यांनी वाजवली. रत्नागिरीच्या सभागृहात वाजली होती त्याहून जास्त वेळ वाजली. पाहुणे शेजाऱ्याला म्हणाले की मुलगी नम्र आहे, सगळं श्रेय दुसऱ्याला देते. फीत कापली गेली.

मग पडदा ओढून फलक उघडला. पिवळ्यावर लाल अक्षरं, झोकदार. रंगाऱ्याच्या हातात समितीने फुरजा लिहिलेला कागद दिला होता, पण रंगारी गावचाच. जन्मभर जे ऐकलं तेच त्याच्या हातून उतरलं.

प्राचीन फुरसा, खारबंदर. समितीच्या वतीने सहर्ष स्वागत.

हसलं कुणी नाही, कारण चूक कुणाला दिसलीच नाही. सलिल सरांना दिसली असावी. ते चष्मा पुसत होते. खाली बारीक अक्षरांत वैदेहीचं वाक्य होतं, ते मात्र काना-मात्रेसकट बिनचूक.

पावसाच्या तोंडावर पत्र आलं. या खेपेला पाकिटावर वैदेहीचंच नाव होतं. मासूमाने लिहिलं होतं की अब्बा बरे आहेत, तुझी आठवण काढतात, म्हणतात की त्या पोरीसारखं कुणाला वाचता येत नाही. इथे डोंगर फार, पाणी दिसत नाही, म्हणून पहिले काही दिवस ते जेवत नव्हते. आता जेवतात. सकाळी माळावर फिरायला जातात, ती सवय सुटत नाही. पण इथल्या माळावर खरोखरच फुरशी फार आहेत, मागच्या वर्षी शेजारचा बैल गेला. म्हणून ह्यांनी त्यांना मंडणगडच्या बाजारातून बूट आणून दिलेत.

घालायला लागलेत, असं तिने लिहिलं होतं. अजून जरा चावतात.